दहा डोसांची व्हायल, चार तास आणि चोवीस लाखांचं शहर

२०२१ चा एप्रिल. मावशीला घेऊन मी आमच्या भागातल्या कोविड लसीकरण केंद्रावर गेलो होतो. सकाळी साडेआठला नंबर लावला. मंडप होता, पण नागपूरच्या एप्रिलात मंडपाचा उपयोग ऊन दिसू नये एवढाच. साडेअकराच्या सुमारास सिस्टर बाहेर आल्या, रांगेवर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "सहाच जण उरलेत. अजून चार येऊ द्या, मग व्हायल खोलते."

मावशी भडकली. "काहून? आम्ही सहा जण माणसं नाही का?"

सिस्टरने हात जोडले, पण व्हायल, म्हणजे लसीची छोटी बाटली, काही खोलली नाही. शेवटी मी आणि रांगेतले एक काका समोरच्या गल्लीत गेलो. किराणावाला, त्याची बायको, एक रिटायर्ड मास्तर आणि त्यांचे शेजारी अशी चार माणसं अक्षरशः पकडून आणली. दहा भरले आणि मावशीला लस मिळाली. घरी येईपर्यंत ती एकच बडबडत होती, की फ्रिजमध्ये औषध आहे, समोर माणूस आहे, मग मधे अडतंय काय?

नवी लस राष्ट्रीय कार्यक्रमात येणार अशी बातमी पेपरात आली की हाच प्रश्न वेगळ्या तोंडाने विचारला जातो. मेडिकल स्टोअरमध्ये पैसे टाकले की लस मिळते, मग सगळ्यांना द्यायला सरकारला महिने-वर्षं का लागतात? आधी ह्यांना, मग त्यांना असं का? परत का पाठवतात, अर्धा तास बसवून का ठेवतात? यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं त्या बोटभर काचेच्या बाटलीत आहेत.

आधी लस म्हणजे काय, मारबतीच्या भाषेत

नागपूरकराला हे समजावणं सोपं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत, म्हणजे रोगराईला हाकलायचे मोठे पुतळे, निघतात, सोबत बडगे निघतात. बडग्या हा बांबू-कागदाचा पुतळा असतो. तो कोणाचं काही बिघडवू शकत नाही. पण नाक, मिशी, टोपी अशी हुबेहूब केलेली असते, की महाल भागातलं पोरगंही सांगतं हा कोण. पुढे खरा माणूस समोर आला तर ओळखायला वेळ लागत नाही.

लस म्हणजे जंतूचा बडग्या. कधी मेलेला जंतू, कधी दुबळा केलेला, कधी त्याच्या अंगावरचा एखादाच तुकडा. शरीर तो बघतं, ओळख पक्की करतं आणि त्याच्याविरुद्धची हत्यारं तयार ठेवतं. ताप येतो, दंड दुखतो, तो त्या मिरवणुकीचा गोंधळ. "इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" असं आपण ओरडतो, त्यातला रोगराईचा भाग खरोखर पार पाडायचा तर मात्र बडग्या प्रत्येक घरापर्यंत न्यावा लागतो. लसीकरण ते हेच.

लस प्रयोगशाळेत आणि कारखान्यात तयार होते. लसीकरण तयार होतं ते यादी, फ्रिज, मोटरसायकल, सिस्टर आणि आशाताई यांच्यातून. मेडिकल स्टोअरवाल्याला फक्त जो येईल त्याला विकायचं असतं. जो येत नाही तो कुठे आहे, हे शोधायची जबाबदारी त्याच्यावर नसते. राष्ट्रीय कार्यक्रमात खरं काम त्या न येणाऱ्याचंच असतं.

मुलांची यादी असते, मोठ्यांची नसते

आपल्याकडे लसीकरण नवं नाही. मुंबईत १८०२ साली एका तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली, ती भारतातली पहिली. "देवी टोचणे" हा शब्द आजीच्या पिढीच्या तोंडी होता, दंडावरचा वण त्याची साक्ष. आजच्या रूपातला कार्यक्रम १९७८ ला सुरू झाला आणि १९८५ ला तो सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम झाला. दरवर्षी अडीच कोटींहून जास्त बाळं त्यात येतात.

बाळांच्या बाबतीत एक मोठी सोय आहे. बाळ जन्मलं की नोंद होते, कार्ड मिळतं, आशाताईच्या वहीत नाव चढतं. मग दर महिन्याला त्या वहीतून 'ड्यू लिस्ट' निघते, म्हणजे या खेपेला कोणाचा कोणता डोस आहे याची यादी. मोठ्या माणसांची अशी वही कुठे असते? ४८ वर्षांचा, साखरेचा त्रास असलेला, इतवारीत हमाली करणारा माणूस नेमका कोणत्या यादीत सापडेल? कोविडच्या वेळी पन्नाशीपुढचे लोक शोधायला मतदार याद्या वापरायचं ठरलं, यावरूनच अडचण लक्षात यावी.

चोवीस लाखांचं गणित

२०११ च्या जनगणनेनुसार नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाख. आता ती बरीच वाढली असणार, पण हिशेबाला हाच आकडा पुरे. त्यातले प्रौढ ढोबळमानाने १६ लाख धरू. प्रत्येकी दोन डोस म्हणजे ३२ लाख टोचण्या.

२०२१ च्या सुरुवातीला एका केंद्रावर दिवसाला १०० जणांचं नियोजन होतं. शहरात अशी १०० केंद्रं चालवली तर दिवसाला १०,००० टोचण्या. ३२ लाखांना ३२० दिवस. रविवार आणि सणवार काढले तर वर्ष उलटून जातं. आणि हे लस अखंड येत राहील, माणसं वेळेवर येतील, सर्व्हर बंद पडणार नाही, असं धरून.

केंद्रं दुप्पट करा, असं कोणीही म्हणेल. केली जातातही. पण टोचणारे हात येतात कुठून? त्याच सिस्टर बाळांच्या लसी देतात, गरोदर बायांची तपासणी करतात, बाळंतपणं बघतात. त्यांना मांडवात बसवलं की दवाखान्यातली खुर्ची रिकामी होते. कोविडच्या काळात जगभर बाळांच्या नेहमीच्या लसी मागे पडल्या आणि २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवराचा उद्रेक होऊन बालकं दगावली. एका मोहिमेची किंमत दुसऱ्या आजाराने वसूल केली, असंच म्हणावं लागेल. मोहिमेच्या उद्घाटनाच्या भाषणात हा हिशेब कोणी मांडत नाही.

मे महिन्यात बर्फ सांभाळणे

बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. कारखान्यापासून दंडापर्यंत हा थंडावा कुठेही तुटू न देणाऱ्या व्यवस्थेला शीतसाखळी म्हणतात. पुण्यात बनलेली लस नागपूरच्या विभागीय भांडारात, तिथून जिल्हा आणि महापालिकेच्या भांडारात, तिथून आरोग्य केंद्रात आणि शेवटी डब्यातून गावात. आपल्याकडे मे महिन्यात पारा सहज ४५ च्या पुढे जातो. म्हणजे डब्याच्या आत आणि बाहेर चाळीस अंशांचा फरक, आणि डबा कोणाच्या तरी मोटरसायकलवर पारशिवनीच्या रस्त्याला लागलेला.

आरोग्य केंद्रातला लसीचा फ्रिज घरच्यासारखा नसतो. तो वरून उघडतो, शीतपेटीसारखा. थंड हवा जड असते. समोरून दार उघडलं की ती पायाशी सांडते, वरून झाकण उघडलं तर आतच बसून राहते. त्याच्या भिंतींत बर्फाचं किंवा पाण्याचं अस्तर असतं, म्हणून दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी तो तग धरतो. आत तापमान मोजणारं यंत्र असतं. पारा हद्दीबाहेर गेला की जबाबदार माणसाच्या मोबाइलवर मेसेज जातो.

उष्णतेने लस बिघडते हे सगळ्यांना माहीत असतं. गोठल्यानेही बिघडते, हे फारसं कोणाला माहीत नसतं, आणि काही लसींना उन्हापेक्षा बर्फाचंच भय जास्त. पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस), धनुर्वाताची, काविळीची, अशा लसींमध्ये ॲल्युमिनियमचा क्षार असतो. त्या एकदा गोठल्या की परत वितळवून उपयोग नाही. म्हणून सिस्टर डीप फ्रीजरमधली बर्फाची पाकिटं थेट डब्यात टाकत नाहीत. ती टेबलावर मांडून ठेवतात, अंगावर पाणी सुटू देतात. मग एकेक उचलून कानाशी हलवतात. आत पाणी खळखळलं की पाकीट तयार. एका डब्यात अशी चार पाकिटं चारही बाजूंना, मधे व्हायली. सकाळी साडेआठला आरोग्य केंद्रात गेलात तर ओळीने पाकिटं कानाशी धरून हलवणाऱ्या सिस्टर दिसतील. बघणाऱ्याला वाटावं नारळ पारखतायत.

नेहमीच्या लसींच्या व्हायलवर आणखी एक युक्ती असते. लेबलवर एक गोल, आत एक चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर लस चांगली. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो, गोलाइतका झाला की ती व्हायल बाद. बाळाला टोचायच्या आधी तुम्ही तो चौकोन बघायला मागू शकता. सिस्टर दाखवतात, बहुतेक वेळा कौतुकानेच.

आता मावशीचा प्रश्न: व्हायल का खोलत नव्हत्या?

कोविशील्डच्या एका व्हायलमध्ये १० डोस. कोव्हॅक्सिनच्या सुरुवातीच्या व्हायलमध्ये तर २०. एकेक डोसाची वेगळी बाटली केली तर काच, जागा, फ्रिज, वाहतूक सगळंच वाढतं, म्हणून सरकारी कार्यक्रमात बहुतेक लसी अनेक डोसांच्या व्हायलमधून येतात. आता व्हायलचं बूच एकदा सुईने टोचलं की घड्याळ सुरू. तेव्हाचा नियम चार तासांचा होता. चार तासांत दहा दंड मिळाले नाहीत तर उरलेलं फेकायचं.

यासाठी नियोजनातच काही टक्के नासाडी धरलेली असते. कोविडला १० टक्के धरली होती. म्हणजे १०० डोस द्यायचे असतील तर १११ मागवायचे. शिवाय व्हायलमध्ये कंपनी थोडं जास्तीचं द्रव भरते, सुईत-सिरिंजमध्ये अडकणारं भरून निघावं म्हणून. हात सफाईदार असेल तर त्यातून अकरावा डोस निघतो. केरळला २०२१ च्या मेच्या सुरुवातीपर्यंत ७३,३८,८०६ डोस मिळाले होते आणि त्यांनी दिले ७४,२६,१६४. मिळाले त्यापेक्षा जास्त! ही जादू तिथल्या सिस्टरच्या बोटांची.

एप्रिल २०२१ मध्ये लसीचा तुटवडा होता. अशा वेळी चार डोस फेकणं म्हणजे चार जणांचा घास टाकणं. म्हणून सिस्टर थांबली ते बरोबरच होतं, मावशीला कितीही राग येवो.

बाळांच्या बाबतीत मात्र हिशेब उलटा लागतो, आणि तिथे आपल्याकडे सवयीने चूक होते. गोवर-रुबेलाची किंवा क्षयावरची बीसीजी लस पूड असते. ती पाण्यात कालवली की चार तासच टिकते. एकटं बाळ आलं तर "बुधवारी या, बाकीची मुलं येतील तेव्हा" असं सांगून परत पाठवलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं, की एकच बाळ आलं असलं तरी व्हायल उघडा. चार-नऊ डोस वाया गेले तर थोडे पैसे गेले. बुधवारी ती आई मजुरी बुडवून परत येईलच असं नाही, आणि बाळ निसटलं तर ते यादीतूनच निसटतं. लस मुबलक असताना नासाडीचा आकडा छान दिसावा म्हणून बाळ परत पाठवणं हा शुद्ध कागदी शहाणपणा आहे.

पेंटाव्हॅलंट, पोलिओ, धनुर्वात अशा काही द्रव लसींना मात्र उघडल्यावर २८ दिवसांपर्यंत वापरायची मुभा आहे, अर्थात थंडावा आणि चौकोन ठीक असेल तर. या लसींसाठी "डोस वाया जातील" म्हणून कोणी परत पाठवत असेल तर वाद घालायला हरकत नाही.

पहिला नंबर कोणाचा?

सगळ्यांना पुरेल इतकी लस पहिल्या दिवशी कधीच नसते. मग रांग लावावी लागते, आणि रांगेत भांडण ठरलेलं.

भारतात १६ जानेवारी २०२१ ला आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरुवात झाली. २ फेब्रुवारीपासून पोलीस, सफाई कामगार वगैरे. १ मार्चपासून साठीपुढचे आणि ४५ च्या पुढचे आजारी लोक, १ एप्रिलपासून ४५ पुढचे सगळे, १ मेपासून १८ पुढचे सगळे. तरुण पोरं म्हणायची, "फिरतो आम्ही, पसरवतो आम्ही, मग आधी आम्हाला द्या." युक्तिवाद अगदीच चुकीचा नाही. फैलाव थांबवायचा की मरणं थांबवायची, असे ते दोन मार्ग आहेत. कोविडमध्ये वय वाढेल तशी मरणाची शक्यता झपाट्याने वाढत होती, म्हणून तेवढ्याच डोसांत जास्त जीव वाचायचे तर म्हातारे आधी. गोवरासारखा आजार असता तर उत्तर वेगळं आलं असतं.

खरा घोळ झाला तो १ मेला. दार सगळ्यांना उघडलं, पण आत लस नव्हती. नोंदणी २८ एप्रिलला सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी देशभरातून एक कोटीहून जास्त लोकांनी नावं टाकली. ॲपवर स्लॉट उघडायचा आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत भरायचा. माझा भाचा धरमपेठेत राहतो. त्याला स्लॉट मिळाला तो काटोलला. गाडी काढून गेला, लस घेतली, परत येताना संत्री घेऊन आला. काटोलातला जो माणूस ॲप चालवू शकत नव्हता, त्याच्या गावची लस अशी नागपूरच्या दंडात आली. रांग ॲपवर लावली की फोन ज्याचा चांगला तो पुढे. पुढे २१ जूनपासून १८ वर्षांवरच्या सगळ्यांना सरकारी केंद्रात मोफत आणि थेट जाऊन नाव नोंदवायची सोय झाली, आणि नोव्हेंबरात 'हर घर दस्तक' म्हणून आरोग्य कर्मचारी दारोदार निघाले. म्हणजे ॲपवरून फिरून गाडी शेवटी आशाताईच्या चपलेवरच आली.

ते काम आपल्याला पोलिओने शिकवलेलं होतं. १९९५ पासूनचे पोलिओ रविवार आठवा. बूथवर दोन थेंब, डाव्या करंगळीला शाई. दुसऱ्या दिवसापासून पथकं घरोघर. घरातल्या सगळ्या मुलांना मिळाले की दारावर खडूने 'पी', कोणी राहिलं की 'एक्स', आणि मग त्या 'एक्स'वाल्या घरी परत चक्कर. रेल्वे स्टेशनवर, बस स्टँडवर वेगळे बूथ, वीटभट्टी आणि बांधकामाच्या साइटवर फिरती पथकं. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, आणि २७ मार्च २०१४ ला प्रमाणपत्र मिळालं.

"लस घेऊनही लोक आजारी पडतात की!"

पडतात. आता गणित बघा. एका वस्तीत १,००० लोक. ९०० जणांनी लस घेतली, १०० जणांनी नाही. लस ९० टक्के प्रभावी, म्हणजे दहात एकाला ती राखू शकत नाही. साथ आली आणि सगळ्यांपर्यंत पोचली. लस न घेतलेले १०० च्या १०० आजारी. घेतलेल्यांपैकी ९० आजारी. एकूण १९०.

पेपरात मथळा येणार: "आजारी पडलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे लस घेतलेले!" मथळा खोटा नाही. पण एका बाजूला ९०० तले ९० आहेत आणि दुसऱ्या बाजूला १०० तले १००. जितक्या जास्त लोकांना लस देऊ तितका हा मथळा अधिक भीतीदायक दिसत जातो. हजारच्या हजार जणांनी घेतली तर आजारी पडणारे सगळेच लस घेतलेले असतील.

"मी धडधाकट आहे, मला कशाला?"

गोवराचा एक रुग्ण, आजूबाजूला कोणालाच संरक्षण नसेल तर, १२ ते १८ जणांना गोवर देतो. समजा १५. साखळी तुटायला हवी तर त्या १५ पैकी किमान १४ जणांच्या अंगात संरक्षण पाहिजे. म्हणजे ९३ टक्के. म्हणूनच गोवरासाठी ९५ टक्क्यांचा आग्रह धरतात. पोलिओला हा आकडा ८० ते ८५ च्या आसपास आहे. पुरेशा लोकांत संरक्षण आलं की ज्यांना लस देताच येत नाही, म्हणजे चार महिन्यांचं बाळ किंवा केमोथेरपी चालू असलेली बाई, त्यांच्यापर्यंत जंतू पोचतच नाही. याला सामूहिक प्रतिकारशक्ती म्हणतात. नवव्या महिन्यातल्या डोसाने सगळ्याच बाळांत संरक्षण तयार होत नाही, म्हणून दीड-दोन वर्षांच्या आत दुसरा. तो चुकवणारी घरं बरीच.

आणि सगळ्यांनाच टोचायचं हाच एक मार्ग असतो असंही नाही. देवीच्या रोगात आधी सरसकट लसीकरणावर जोर होता, १९६२ पासून. शेवटी रोग हटला तो रुग्ण शोधून, त्याच्या भोवतालच्या घरांना लस देऊन, असं वेढे टाकत. पण देवीचा रुग्ण चेहऱ्यावरून ओळखू येतो. पोलिओत शेकडो मुलांना जंतू लागतो तेव्हा एखाद्याचा पाय लुळा पडतो, बाकीचे न दिसता पसरवतात. तिथे वेढा घालणार कोणाभोवती?

"आमच्या शेजारचे लस घेतल्यावर चार दिवसांत गेले"

हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला टक्केवारी ऐकवणं हा माणुसकीचा प्रकार नाही. पण विचार मात्र करावा लागतो.

भारतात वर्षाला दर हजारी साधारण सहा मृत्यू होतात. २४ लाखांच्या शहरात ते वर्षाला १४,४०० होतात, म्हणजे रोज सुमारे ४०. आता कल्पना करा, एका रविवारी अख्ख्या नागपूरला लसीऐवजी साधं सलाइनचं पाणी टोचलं. पुढच्या सात दिवसांत त्यातले २८० लोक तरीही मरण पावतील. हार्ट अटॅकने, अपघाताने, म्हातारपणाने. प्रत्येक घरात वाक्य एकच असेल, "रविवारी इंजेक्शन घेतलं आणि..."

लसीनंतर घडलेलं आणि लसीमुळे घडलेलं यात हा फरक आहे. तो करायला नोंद लागते. लसीनंतर जे काही वाईट घडेल ते सगळं, कारण माहीत नसतानाही, नोंदवायचं असतं. त्याला 'लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना' म्हणतात. मग जिल्हा, राज्य आणि देश पातळीवरच्या समित्या ती तपासतात. एरवी जितक्या घटना होतात त्यापेक्षा लसीनंतर जास्त होतायत का, एवढा तो प्रश्न असतो.

कधीकधी उत्तर "हो" येतं. कोव्हॅक्सिनच्या पहिल्या टप्प्याची चाचणी ११ केंद्रांवर ३७५ जणांवर झाली, त्यातलं एक केंद्र नागपूरचं होतं. तिसऱ्या टप्प्यात २५,८०० लोक. एवढ्या चाचणीत हजारात एकाला होणारा त्रास दिसतो, लाखात एकाला होणारा दिसत नाही. तो लस कोट्यवधींना दिल्यावरच दिसतो. ॲस्ट्राझेनेकाच्या लसीने, जी आपल्याकडे कोविशील्ड म्हणून दिली, क्वचित रक्ताच्या गाठी होतात हे असंच नंतर कळलं. ब्रिटनमध्ये पहिल्या डोसनंतर लाखात एक-दोन असं ते प्रमाण होतं. अमेरिकेत रोटाव्हायरसची पहिली लस आतड्याच्या दुर्मीळ त्रासामुळे १९९९ मध्ये बाजारातून काढली गेली, दहा हजारांत साधारण एक बाळ एवढ्या प्रमाणावर. नंतरच्या रोटा लसी त्यामुळे साठ हजारांहून जास्त मुलांवर तपासल्या. आपल्या कार्यक्रमात २०१६ पासून रोटाची लस आहे.

कोव्हॅक्सिनला ३ जानेवारी २०२१ ला मंजुरी मिळाली तेव्हा तिसऱ्या टप्प्याचे निकाल आले नव्हते. अंतिम निकाल जुलैत आले, लस ७७.८ टक्के प्रभावी. निकाल चांगला आला म्हणून मंजुरीची घाई बरोबर ठरत नाही. अशा घाईने जो संशय उरतो तो पुढच्या दहा लसींना पुरतो, असं माझं मत आहे.

टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात तेही असा क्वचित होणारा त्रास वेळीच लक्षात यावा म्हणून. तीव्र ॲलर्जी आली तर ती बहुधा काही मिनिटांतच येते आणि ॲड्रेनालिनचं इंजेक्शन तिथेच तयार असतं. घरी निघून गेलात तर ते तिथे आणि तुम्ही झाशी राणी चौकात.

"सरकारी लस हलकी, खासगीतली चांगली"

लहान मुलांच्या बाबतीत हे फार ऐकू येतं. खासगीत पैसे देऊन मिळणारी 'न दुखणारी' लस ही डांग्या खोकल्याच्या जंतूचे निवडक तुकडे वापरून केलेली असते. सरकारी पेंटाव्हॅलंटमध्ये अख्खा मारलेला जंतू असतो, म्हणून ताप आणि सूज जास्त. पण अख्ख्या जंतूच्या लसीचं डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण जास्त काळ टिकतं. एक रात्र रडणारं बाळ सांभाळायचं की नाही, एवढाच तो व्यवहार. हलक्या दर्जाचा प्रश्न नाही.

"जबरदस्ती करता येते का?"

२ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कोणालाही लस घ्यायची सक्ती करता येत नाही. स्वतःच्या शरीरावरचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमात येतो. सरकारचं लसीकरण धोरण मात्र न्यायालयाने अवाजवी ठरवलं नाही. आणि सक्तीने होतं काय, तर दार बंद होतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात शाळांमधून गोवर-रुबेलाची मोहीम झाली तेव्हा व्हॉट्सॲपवर काय काय फिरत होतं आठवत असेल. ज्या शाळेत आधी पालकांची सभा झाली, तिथल्या बाई सांगतात की फारसा त्रास झाला नाही. जिथे थेट चिठ्ठी घरी गेली तिथे त्या दिवशी पोरांची पोटं दुखली.

गेल्या महिन्यात शेजारची सून नऊ महिन्यांची पोर घेऊन लसीला निघाली. आदल्या आठवड्यात "आज एकच बाळ आहे, बुधवारी या" म्हणून परत आली होती. या खेपेला मीही सोबत गेलो. मावशीही हट्टाने आली. बुधवार असूनही बाळ एकच. सिस्टर दुसऱ्या होत्या. त्यांनी चौकोन बघितला, व्हायलचं झाकण उडवलं, पूड कालवली आणि पेनाने लेबलवर वेळ लिहिली, १०:४०.

मावशी म्हणाली, "बाई, बाकीच्या डोसांचं?"

"दोन-चाळीसपर्यंत आहे ना वेळ," सिस्टर म्हणाल्या आणि आशाताईला हाक मारली, "ताई, तुमच्या वहीत बघा बरं, पुलापलीकडची कोण कोण राहिली?"